एफए व्हाझ: वेम्ब्लीचं तिकीट काढा, पण त्याआधी पाचवी फेरी बघा

नाव फुलदाणीचं, खेळ मात्र धसमुसळा. इंग्लंडमधल्या छोट्या फुटबॉल क्लबांचा हा बाद पद्धतीचा कप. 1893पासूनचा अमॅच्युअर कप 1974मध्ये बंद झाला, कारण ‘हौशी’ खेळाडूंच्या बुटात गुपचूप नोटा सरकवल्या जायच्या आणि एफएने, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, शेवटी हौशी-व्यावसायिक हा भेदच काढून टाकला. 1974-75पासून व्हाझ सुरू झाला. प्रीमियर लीग ही पहिली पातळी धरली, तर आज त्यात नवव्या-दहाव्या पातळीवरचे क्लब असतात. हौशी म्हणायचं ते एवढ्यासाठीच, की दिवसा नोकरी आणि संध्याकाळी सराव. थोडेफार पैसे काहींना मिळतात.

फायनल लंडनच्या वेम्ब्लीवर. 2016पासून त्याच दिवशी, त्याच तिकिटावर एफए ट्रॉफी या थोड्या वरच्या पातळीवरच्या क्लबांच्या कपचीही फायनल होते. एका तिकिटात दोन सामने, पैसे पुरेपूर वसूल. पण 90,000 खुर्च्यांच्या स्टेडियममध्ये दोन गावांचा आवाज पोकळ वाटतो. बॅग ए-फोर कागदापेक्षा मोठी नेऊ नका, दारावरच अडवतील.

खरी मजा जानेवारी-फेब्रुवारीत, चौथ्या-पाचव्या फेरीला. शनिवारी तीनचा सामना. गेटवर तिकीट, मैदानाभोवती कठडा, त्याला टेकून उभं राहिलं की लाइन्समनला दिलेली शिवी आपल्यालाही ऐकू येते. हाफटाइमच्या पाच मिनिटं आधीच चहाच्या खिडकीशी जा, नंतर रांग हलत नाही. बारमधला बिअरचा ग्लास हातात घेऊन सामना बघता येतो. वरच्या पाच पातळ्यांवर कायद्याने ते चालत नाही.

घोळ होतो तो पावसाने. या मैदानांचा निचरा यथातथाच, त्यामुळे सकाळी पिच बघून सामना पुढे ढकलला जातो. घरातून निघण्यापूर्वी क्लबचं सोशल मीडिया खातं बघाच, आणि ट्रेनचं परत न करता येणारं स्वस्त तिकीट काढू नका. सुरुवातीच्या फेऱ्यांचा ड्रॉ विभागवार असतो, त्यामुळे जवळचा सामना सहज मिळतो. पुढे मात्र देशाच्या एका टोकाचा क्लब दुसऱ्या टोकाला जातो.

एक तक्रार जुनी आहे. 2009 ते 2017 या नऊ फायनलपैकी आठ ईशान्येतल्या नॉर्दर्न लीगच्या क्लबांनी जिंकल्या. व्हिटली बेने तर 2009 ते 2011 अशा सलग तीन. अपवाद फक्त 2014चा, शोलिंगचा. कारण साधं होतं: वरच्या लीगमध्ये गेलं की प्रवासखर्च वाढतो, म्हणून तिथले तगडे क्लब बढती नाकारून खालीच थांबायचे. दक्षिणेतल्या क्लबांना हे खुपायचं, आणि ते चुकीचं नव्हतं. 2018पासून ही मक्तेदारी सुटली: थॅचम, चर्ट्सी, अ‍ॅस्कॉट, रॉमफर्ड असे दक्षिणेतले क्लबही जिंकले.

पाचव्या फेरीला पाचपैकी पाच. फायनलला साडेतीन, तेही दुसऱ्या सामन्यामुळे.