अंगठा अजून हलतो : एका समुपदेशन केंद्रातल्या 14 भेटी

तारे : 5 पैकी 4

केंद्राचं नाव इथे लिहीत नाहीये. एका महाराजांच्या ज्या मंडळात मी 17 वर्षं होते तिथली माणसं अजून माझी चौकशी करत फिरतात. मी कुठे जाते हे कळलं तर उद्या तिथल्या जिन्यात येऊन बसायला ती कमी करणार नाहीत. मंडळ सोडलेल्या एका मुलीच्या बाबतीत हे झालेलं आहे. केंद्र पुण्यात आहे, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एवढं सांगितलेलं पुरे. ज्यांनी एखादा पंथ, एखादं मंडळ, एखादे महाराज सोडलेत आणि मदत मागायला गेल्यावर समोरच्यात काय बघायचं हे ज्यांना उमजत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

इथे येण्याआधी मी दुसऱ्या एका समुपदेशकांकडे गेले होते. त्यांनी वीस मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "महाराज खोटे निघाले म्हणून देव खोटा होत नाही. सकाळी अर्धा तास शांतपणे नामस्मरण करून बघा." नामस्मरण! मी रिक्षात बसले आणि हातपाय गार पडले. दुसरीकडे माझा चुलतभाऊ. तो म्हणाला, "आता तरी डोळे उघडले ना? देवबिव सगळं थोतांड असतं." त्याचा हेतू चांगला होता, पण माझ्या डोक्यात काय असावं हे तोही मलाच सांगत होता. 17 वर्षं मी दुसरं काय ऐकलं होतं?

या केंद्रातल्या मॅडमनी 14 भेटींत देव धरायला सांगितलं नाही आणि सोडायलाही सांगितलं नाही. माझे चारही तारे या एका गोष्टीसाठी आहेत.

पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, "तिथे तुमचा दिवस कसा जायचा? उठल्यापासून सांगा." साडेचारचा गजर. आंघोळ, जप, मग ऑफिस. पगारातला ठरलेला भाग सेवेला. रविवार मंडळाचा. कुणाच्या लग्नाला जायचं, कुणाच्या नाही, हे मंडळातल्या ताईंना विचारून. पोरीला कुठल्या कॉलेजात घालायचं तेही ताईंना विचारून. मी सांगत गेले आणि त्या एका कागदावर चार रकाने आखून लिहीत गेल्या : वागणूक, माहिती, विचार, भावना. अमेरिकेतले स्टीव्हन हसन स्वतः तरुणपणी अशा एका पंथातून बाहेर पडले आणि पुढे त्यांनी ही चार रकान्यांची मांडणी केली, असं मॅडमनी सांगितलं. मला त्यातलं शास्त्र किती कळलं देव जाणे. पण माझं आयुष्य कागदावर चार रकान्यांत पाहिलं आणि पहिल्यांदा वाटलं की हा माझा एकटीचा मूर्खपणा नव्हता. यामागे एक पद्धत असते, आणि ती जगभर अशीच असते.

जपाच्या काउंटरबद्दल सांगायलाच हवं. बोटात घालायचा तो हिरवा प्लास्टिकचा, वर छोटा पडदा, अंगठ्याने दाबला की आकडा पुढे सरकतो. दिवसभराचा आकडा रात्री नऊला ताईंना कळवायचा. आधी फोन करून, नंतर व्हॉट्सॲपवर. मंडळ सोडलं तरी काउंटर माझ्या पर्समध्येच होता. भाजी निवडताना, बसमध्ये, ऑफिसात फाईल चाळताना माझा उजवा अंगठा आपोआप तर्जनीवर दाबला जायचा, बोटात काही नसताना. तिसऱ्या भेटीत मॅडमचं लक्ष गेलं. मी काउंटर काढून टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलला नाही, फेकून द्या असंही म्हणाल्या नाहीत. विचारलं, "आकडा शून्य करायचं बटण कधी दाबायचात?"

मी म्हटलं, "ताईंचं 'पोचलं' असं उत्तर आल्यावर."

"आणि उत्तर कधी यायचं?"

"कधी दहाला. कधी रात्री एकला."

"तोपर्यंत?"

तोपर्यंत मी जागी असायचे. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. माझी झोप 17 वर्षं दुसऱ्या बाईच्या हातात होती. त्या दिवशी उरलेली सगळी भेट मी नुसती रडले, आणि मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

आमच्याकडे महिन्यातून एकदा क्षमापत्र लिहायचं असे. मनात आलेले वाईट विचार, नवऱ्याशी झालेलं भांडण, ताईंबद्दल आलेली शंका, सगळं लिहून पाकिटात घालून द्यायचं. त्यातलं काय आणि कधी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं जाईल याचा भरवसा नसे. मला वाटायचं हे आमच्याच मंडळाचं खास. मॅडमनी सांगितलं की रॉबर्ट लिफ्टन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी चीनमधल्या विचारपरिवर्तनाच्या छळातून सुटून हाँगकाँगला आलेल्या लोकांशी बोलून 1961 साली अशा व्यवस्थांची आठ लक्षणं मांडली, आणि कबुलीजबाब हे त्यातलं एक आहे. शब्दांचे अर्थ आवळून टाकणं हे आणखी एक. प्रश्न विचारला की 'अहंकार', दमले म्हटलं की 'सेवेत कमी', घरच्यांची आठवण आली की 'मोह'. कुठे चीनमधला तुरुंग आणि कुठे आमचं रविवारचं सभागृह, पण मी ऐकताना मान डोलावत होते.

आजाराचं नाव काय, हेही मी विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं की मानसशास्त्रज्ञ मार्लिन विनेल यांनी 2011 साली धार्मिक आघाताच्या लक्षणांना एक नाव दिलं, पण डॉक्टर वापरतात त्या अधिकृत याद्यांमध्ये तो वेगळा आजार म्हणून नाही. फाईलवर चिंता, झोप, आघात असंच लिहिलं जाईल. मोठं नाव देऊन त्यांनी माझ्यावर छाप पाडली नाही हे मला आवडलं.

सर्वांत जड गोष्ट आईची. तिच्या छातीत गाठ लागली तेव्हा ताई म्हणाल्या जप वाढवा, आणि मी आईला चार महिने डॉक्टरकडे नेलं नाही. ऑपरेशन झालं, आई आहे, पण तिचा डावा हात सुजतो आणि रोज संध्याकाळी तो मी दाबून देते. "शिकलेली, ऑफिसात हिशेब बघणारी बाई, तुला कळलं कसं नाही?" हे मला दीरांनी विचारलंय, डॉक्टरांनी विचारलंय. मॅडमनी विचारलं नाही. "तुमची काही चूक नाही" असंही त्या म्हणाल्या नाहीत. तसं म्हटलं असतं तर माझा त्यांच्यावरचा विश्वास उडाला असता. म्हणाल्या, "त्या चार महिन्यांत 'डॉक्टरकडे नेते' असं तुम्ही ताईंना म्हटला असतात तर काय झालं असतं?" याचं उत्तर द्यायला मला तीन भेटी लागल्या.

आता एक तारा का कापला ते. बाहेर बसायच्या खोलीत एक तसबीर आहे आणि तिच्यापुढे उदबत्ती. नेमका तोच वास, जो आमच्या सभागृहात असायचा. मी सांगितल्यावर उदबत्ती बंद झाली, दोन आठवड्यांनी परत सुरू. असे लोक तुमच्याकडे येतात हे माहीत असताना ही काळजी घ्यायलाच हवी. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. मी मोबाईल उचलला नाही म्हणून स्वागतकक्षातल्या मुलीने घरच्या फोनवर केंद्राचं नाव सांगून सासूबाईंकडे निरोप ठेवला. सासूबाई अजून मंडळात आहेत. पुढचे आठ दिवस घरात काय झालं ते लिहीत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयतेसाठी स्वतंत्र कलम आहे, 23 नंबरचं. ते त्या मुलीला कुणी शिकवलंच नव्हतं. मॅडमनी माफी मागितली आणि नोंदणीच्या अर्जात 'कोणत्या नंबरवर फोन करू नये' अशी ओळ वाढवली. पण फटका मला बसला तो बसलाच.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी गटाची भेट असते. मी दोनदा गेले. तिथे एका गृहस्थांच्या घराला मुलीच्या लग्नावरून जात पंचायतीने वाळीत टाकलेलं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने 2016 साली कायदा केला, तो 2017 पासून लागू आहे, आणि त्यात 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे त्यांना इथेच कळलं. अर्ज लिहायला त्यांच्याबरोबर अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, एक कार्यकर्ते बसले होते. माझं आणि त्यांचं दुखणं वेगळं, पण भावाच्या मुंजीचं आमंत्रण न येणं दोघांनाही कळत होतं.

फी 50 मिनिटांना 1200 रुपये. परवडत नसेल तर फोनवरच सांगा, निम्म्यात करतात, पुरावे मागत नाहीत. दोन भेटींच्या मधल्या रात्री जड जातात. तेव्हा 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लावायचा. 24 तास चालू, फुकट, मराठीत बोलता येतं.

वेळ ठरवताना एक लक्षात ठेवा. शेजारी देऊळ आहे, साडेसातला आरती सुरू होते आणि झांजा खिडकीतून थेट आत येतात. सुरुवातीला नको असेल तर पाचची वेळ मागा, मी तीच घेत होते. गेल्या महिन्यापासून सातची घेते. खिडकी लावू का, असं मॅडम अजून दर वेळी विचारतात.