रिकाम्या मिनिटांचा भाव : इंट्राडे पॅटर्न शोधणाऱ्या सेवेचा काही महिन्यांचा अनुभव

एका डेटा विक्रेत्याची एक-मिनिट कँडलची, म्हणजे प्रत्येक मिनिटाच्या भावनोंदींची, सेवा आणि तिच्यासोबत मिळणारे, दिवसभरातल्या (इंट्राडे) भावांतले पॅटर्न शोधण्याचे सॉफ्टवेअर मी वर्षाची वर्गणी आगाऊ भरून घेतले आहे. अशा सेवांत काय काय मिळते हे घेणाऱ्यांना ठाऊक असते, म्हणून ती जंत्री इथे देत नाही. लिहायला बसलो तो माझ्या तक्रारीपुढे ‘निराकरण झाले’ असा शेरा पाहून. प्रत्यक्षात निराकरण काहीही झालेले नाही.

माझा प्रश्न साधा होता. निफ्टी (राष्ट्रीय शेअर बाजाराचा निर्देशांक) पाऊण तास किंवा त्याहून अधिक काळ चिंचोळ्या पट्ट्यात अडकून राहिला आणि मग त्यातून बाहेर पडला, तर पुढच्या अर्ध्या तासात तो त्याच दिशेने किती चालतो? सॉफ्टवेअरने क्षणात यादी काढली आणि सर्वांत अरुंद पट्ट्याचे दिवस वर ठेवले. त्यांत अग्रभागी होता २४ फेब्रुवारी २०२१. त्या दिवशी राष्ट्रीय शेअर बाजारातले सौदे तांत्रिक बिघाडामुळे सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू होऊन पाचपर्यंत चालले, हे त्या काळात सौदे करणारा कोणीही विसरलेला नसेल. मधल्या चार तासांत भाव स्थिर नव्हता, भावच नव्हता. विक्रेत्याने मात्र प्रत्येक रिकाम्या मिनिटात आधीच्या मिनिटाचा भाव भरून ठेवला आहे. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या लेखी ती कमालीची शांत दुपार ठरली आणि बाजार उघडल्यावर आलेली तेजी हा अत्यंत देखणा ब्रेकआउट (पट्ट्याबाहेरची झेप) ठरला.

त्याच्या पाठोपाठ १३ मार्च २०२०. तेव्हा बाजार उघडताच १० टक्क्यांचे खालचे सर्किट (घसरणीची ठरलेली मर्यादा) लागून सौदे थांबले होते आणि नंतर त्याच दिवशी निर्देशांक हिरव्यात, म्हणजे वाढून, बंद झाला. म्हणजे आधी सपाट रेघ आणि मग उसळी, असा पाठ्यपुस्तकी नमुना! २ मार्च २०२४ च्या शनिवारी आपत्कालीन यंत्रणेच्या चाचणीसाठी सव्वानऊ ते दहा आणि साडेअकरा ते साडेबारा अशी दोन सत्रे झाली. त्यांच्यामधला दीड तासही असाच भरलेला आहे. असे मोजके दिवस सरासरी एवढी फुगवतात, की ते वगळताच माझ्या पॅटर्नचा नफा जवळपास नाहीसा झाला.

मदत कक्षाचे पहिले उत्तर असे, की ‘व्हॉल्यूम (सौद्यांचे प्रमाण) शून्याहून अधिक’ ही अट लावावी. शेअरसाठी हा उपाय चालतो, पण निफ्टी हा निर्देशांक आहे. त्याची खरेदी-विक्री होत नाही, त्यामुळे त्याच्या कँडलला व्हॉल्यूमच नसतो आणि ती अट लावल्यावर यादी कोरी येते. दुसरे उत्तर असे, की मग फ्युचर्सचा (निर्देशांकावरच्या वायद्यांचा) डेटा वापरावा. तो वेगळ्या पॅकमध्ये आहे आणि त्याचे वेगळे पैसे आहेत. विक्रेत्याने स्वतः भरलेली खोटी मिनिटे ओळखण्यासाठी ग्राहकाने आणखी पैसे मोजावेत, हा हिशेब माझ्या पचनी पडत नाही. प्रत्येक ओळीपुढे ‘भरलेली’ की ‘खरी’ एवढी एक खूण असती, तर हा लेख लिहिलाच नसता.

इथपर्यंतचा मजकूर मी रागाने लिहून ठेवला होता. त्यानंतर निर्देशांक बाजूला ठेवून शेअरांवर शोध घेतले, तेव्हा माझे मत काहीसे बदलले. मी आधी वापरलेल्या स्वस्त सेवेत आजच्या निफ्टीतले ५० शेअर घेऊन मागचा इतिहास तपासला जाई, म्हणजे जे टिकले त्यांचीच परीक्षा होई. या सेवेत त्या त्या तारखेची यादी निवडता येते. येस बँक मार्च २०२० मध्ये निफ्टीतून बाहेर गेली, पण २०१९ चा शोध घेतला की ती आपल्या जागी सापडते. ‘सकाळी पडलेला शेअर घ्या’ या आवडत्या पॅटर्नचा देखणेपणा तिथे बराच ओसरतो. रिलायन्सने २० जुलै २०२३ रोजी वित्तीय व्यवसाय वेगळा केला, तेव्हा विशेष सत्रात तिचा भाव आदल्या दिवशीच्या २८४१.८५ वरून २५८० वर ठरला. अनेक ठिकाणी ही ९ टक्क्यांची घसरण ‘गॅप डाउन’ (आदल्या बंद भावाच्या खाली उघडणे) म्हणून मोजली जाते. इथे ती नीट समायोजित केलेली आहे, आणि हवा असल्यास मूळ भावही पाहता येतो. हे काम किचकट असते आणि ते मनापासून केलेले दिसते. म्हणूनच रिकाम्या मिनिटांबाबतचा आळस अधिक खटकतो.

सॉफ्टवेअरमधला खर्चाचा रकाना सुरुवातीला शून्य असतो, तो आधी भरावा. एकाच दिवसात सौदा पुरा करणाऱ्या इंट्राडे शेअर विक्रीवर ०.०२५ टक्के एसटीटी (रोखे व्यवहार कर), दोन्ही बाजूंची दलाली आणि तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी धरला, की सरासरी ०.०५ टक्के देणारे पॅटर्न बहुतेक गळून पडतात. बाजार नियामक सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात २०२२-२३ मध्ये रोख विभागात इंट्राडे करणाऱ्या दहांपैकी सात जणांना तोटा झाल्याचे दिसले, ते उगाच नाही.

सध्या सौदे थांबल्याचे दिवस, विशेष सत्रे आणि दिवाळीतले तासाभराचे मुहूर्ताचे सौदे यांची यादी बाजाराच्या परिपत्रकांवरून मी हाताने बनवली आहे आणि प्रत्येक शोधातून ती वगळतो. वार्षिक वर्गणीचे नूतनीकरण करणार नाही. शेअरांचा जुना डेटा उतरवून घेण्याची मुभा करारात आहे, तेव्हा मुदत संपण्यापूर्वी तो उतरवून घेईन आणि पुढे गरज पडेल त्या महिन्यापुरतेच पैसे भरीन.