डिझाइनमधल्या चुका लिहून कळवाव्यात की समोर बसून?

मित्राने नवं ॲप दाखवून मत विचारलंय, चुका लिहून पाठवू की भेटून सांगू, असं एकीने विचारलंय.

नेमकेपणात लेखी अभिप्राय सरस. ‘अक्षरं फिकी वाटतात’ म्हणण्यापेक्षा ‘राखाडी मजकुराचा कॉन्ट्रास्ट ४.५:१ पेक्षा कमी आहे’ असं स्क्रीनशॉटसह लिहा (कॉन्ट्रास्ट म्हणजे अक्षरं आणि मागची पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक). वेबसाइट आणि ॲप सगळ्यांना वापरता यावीत म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी या नियमावलीच्या एए या मधल्या पातळीवर साध्या आकाराच्या मजकुराला किमान तेवढा लागतो, त्यामुळे ‘मला तर नीट दिसतंय’ हा वाद मिटतो. वेळ मात्र जास्त जातो.

वापरायला सोपं आहे का, हे लिहून पुरतं सांगता येत नाही. समोर बसा, मनात येईल ते मोठ्याने बोलत एखादं काम पूर्ण करून बघा. बोट कुठे अडखळतं ते त्याला स्वतःच दिसेल. फक्त ‘अगं, तिथे नाही, वर बघ’ असं त्याला म्हणू देऊ नका; मदत मिळाली की चाचणी संपली.

मन दुखावण्याचं म्हणाल, तर लिहिलेलं कोरडं वाटतं आणि समोर भिडेपोटी निम्मं गिळलं जातं. सारखंच.

रंग, अक्षरं, तुटलेल्या लिंका असतील तर लिहून द्या. मेनू सापडत नाही, पुढे काय करायचं कळत नाही, अशी अडचण असेल तर भेटाच.