माझदा की सुबारू?

दोन्ही जपानी, दोन्ही टोयोटापुढे लहान आणि दोघींचाही हट्ट इंजिनाचा. सुबारूचं मूळ नाकाजिमा या विमानं बनवणाऱ्या कंपनीत. 1966 च्या ‘सुबारू 1000’पासून तिने समोरासमोर आडव्या पिस्टनचं बॉक्सर इंजिन जपलंय. त्याने वजन खाली राहतं; शिवाय तिच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांना ताकद मिळते. बर्फाच्या रस्त्यावर तीच घ्यावी.

माझं मन मात्र हिरोशिमाच्या माझदाकडे. तिच्या रोटरी इंजिनात पिस्टनच नाहीत, त्रिकोणी रोटर गरगरतो. 1967 च्या कॉस्मो स्पोर्टमध्ये ते आलं. पेट्रोल जास्त लागतं, ऑइलही जळतं. बाकीच्या कंपन्यांनी नाद सोडला, माझदाने नाही. 1991 मध्ये याच इंजिनाच्या 787बी या रेसकारने फ्रान्समधली ल मांची 24 तासांची शर्यत मारली. जपानी कंपनीचा तिथला तो पहिला विजय! एवढी चिकाटी मला दुसऱ्या कुठल्याच गाडीवाल्यात दिसत नाही.