युरोपचा उठावाचा नकाशा: बोटांनी वाचायचा असेल तर आधी हे वाचा

माझा भाचा सांगलीहून मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे यायचा होता, त्याच्यासाठी हा नकाशा मागवला. तो १४ वर्षांचा आहे आणि जन्मापासून त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. शाळेत नकाशाच्या प्रश्नाऐवजी त्याला दुसरा प्रश्न देतात. सोय म्हणून ते ठीकच आहे, पण त्यामुळे नकाशा त्याच्या हाती कधी आलाच नव्हता. द्वीपकल्प म्हणजे तिन्ही बाजूंनी पाणी, हे त्याला पाठ होतं. तिन्ही बाजूंनी म्हणजे कसं, हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं.

आम्ही स्वित्झर्लंडमध्ये बुक्सला राहतो. घरापासून चालत गेलं की ऱ्हाईन, आणि नदीपलीकडे लिश्टेनस्टाईन. इथं राहून पोराला युरोपची ओळख नुसती तोंडी करून द्यायची, हे मला पटेना.

नकाशा पातळ प्लॅस्टिकच्या पत्र्याचा आहे. छापील पत्रा तापवून साच्यावर ओढतात, तसले डोंगर वर आलेले. प्रमाण साठ लाखास एक, म्हणजे नकाशावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ६ किलोमीटर. उंची मात्र दहा पटींनी वाढवलेली आहे आणि ती वाढवावीच लागते. खऱ्या प्रमाणात माँ ब्लाँचे ४,८०६ मीटर एक मिलिमीटरही भरत नाहीत. दहा पटींमुळे ते ८ मिलिमीटर होतात आणि बोटाला शिखर लागतं. टपालखर्च धरून साधारण ७० फ्रँक पडले. खोक्यातून काढला तेव्हा आइसलँडचा कोपरा दुमडलेला होता. तो गरम पाण्याच्या कापडाने शेकून सरळ केला.

पहिल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर नकाशा ठेवला आणि भाच्याचे दोन्ही हात आल्प्सवर ठेवले. तो काहीच बोलला नाही. मग त्याने अंगठा नीसजवळ, जिथे डोंगर भूमध्य समुद्रातून वर येतो तिथे टेकवला आणि करंगळी ताणून व्हिएन्नाच्या बाजूला नेली. आल्प्सची कमान १,२०० किलोमीटर लांब आहे, म्हणजे या नकाशावर २० सेंटिमीटर. बरोबर एक वीत. "मावशी, हा वाकडाय," तो म्हणाला. आल्प्स वाकडे आहेत हे मी इतकी वर्षं बघत आलेय, पण कमानीच्या पोटात पो नदीचं मैदान इतकं गुळगुळीत, इतकं अचानक सुरू होतं, हे मलाही त्याच्या बोटाबरोबर फिरताना जाणवलं. मग त्याला सांगितलं की आफ्रिकेच्या बाजूने आलेला भूखंडाचा तुकडा युरोपात घुसला आणि जमिनीला ही घडी पडली. त्याने टेबलक्लॉथ दोन्ही हातांनी रेटून घडी पाडून बघितली.

जिथे डोंगर आहे तिथे या नकाशाला तोड नाही. पिरेनीज म्हणजे दोन समुद्रांमध्ये बांधलेली सात सेंटिमीटरची भिंत. ती ओलांडली की आयबेरियन द्वीपकल्प सबंधच पाटासारखा उचललेला लागतो, कारण मध्ये मेसेता पठार आहे आणि माद्रिद साडेसहाशे मीटरवर आहे. सांगलीही पठारावरच, साधारण साडेपाचशे मीटरवर. हे त्याला सांगितल्यावर तो माद्रिदवर बोट ठेवून बराच वेळ बसला. इटलीत अपेनाइन्सचा कणा बुटाच्या पुढच्या टोकापर्यंत धरून जाता येतो. हंगेरीचं मैदान म्हणजे परात, कार्पेथियन्सचा काठ तीन बाजूंनी नीट लागतो, आणि डॅन्यूब जिथे हा काठ फोडून बाहेर पडते, त्या 'लोखंडी दरवाजा' नावाच्या खिंडीत नख अडकतं. ब्लॅक फॉरेस्ट आणि व्होझ या दोन डोंगरांमधली ऱ्हाईनची खचदरी तर इतकी सुबक उतरली आहे की तर्जनी आपोआप तिच्यात जाऊन बसते. मधली जमीन खाली खचली आणि दोन कडा उभ्या राहिल्या, हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

सगळ्यात आनंद झाला तो स्कँडिनेव्हियाला. नॉर्वेच्या बाजूने समुद्रातून एकदम कडा चढतो, माथा येतो, आणि पुढे स्वीडनकडे जमीन हळूहळू उतरत बॉथनियाच्या आखातापर्यंत जाते. भाच्याने हात दोनदा पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरवला आणि म्हणाला, "हा तर सह्याद्रीच की! हितं कोकण, आन् इकडं आपली कृष्णा पूर्वेला चाललीय." स्वीडनच्या नद्या अशाच आग्नेयेला वाहत जातात. सह्याद्रीचा नकाशाही त्याने कधी हाताळलेला नव्हता. आंबा घाट एसटीने उतरताना पोटात जो खड्डा पडतो, त्यावरून त्याने हे ओळखलं. या एका मिनिटासाठी मला ७० फ्रँक जास्त वाटत नाहीत.

आता उणिवा. त्या मोठ्या आहेत आणि जाहिरातीत त्यांचा शब्दही नाही.

पहिली म्हणजे किनारा. समुद्र सपाट, सखल जमीनही सपाट, दोघांमधला फरक फक्त निळ्या-हिरव्या रंगाचा. डोळ्यांना तो दिसतो, बोटाला नाही. डेन्मार्कची सगळ्यात उंच जागा १७१ मीटर. दहा पटी करूनही ती पाव मिलिमीटरच्या आसपास राहते. भाच्याने जर्मनीवरून हात वर नेला आणि विचारलं, "डेन्मार्क कुठंय?" त्याचं बोट तेव्हा डेन्मार्कवरच होतं. जटलंडचं आख्खं द्वीपकल्प नाहीसं. नेदरलँड्स नाही, ब्रिटनीचं टोक नाही, एस्टोनियाचा किनारा नाही. दक्षिणेची तिन्ही द्वीपकल्पं डोंगराळ म्हणून वाचली. उत्तरेकडची मैदानी किनारपट्टी हाताला समुद्रातच बुडालेली लागते. द्वीपकल्प शिकायला आणलेल्या नकाशात द्वीपकल्पच हरवावं, याचं मला फार वाईट वाटलं.

उपाय केला तो असा. क्रोशाचा सुती दोरा आणि लाकडाचा पांढरा डिंक घेतला आणि सगळ्या किनाऱ्याने दोरा चिकटवला. चार संध्याकाळी गेल्या. ग्रीसने सर्वांत जास्त छळलं. कोरिंथची संयोगभूमी, म्हणजे पेलोपोनीज द्वीपकल्पाला बाकीच्या ग्रीसशी जोडणारी जमिनीची चिंचोळी पट्टी, सहा-साडेसहा किलोमीटर रुंद, म्हणजे नकाशावर एकच मिलिमीटर. तिथे दोन्हीकडचे दोरे एकमेकांना चिकटतात आणि पेलोपोनीज बेट होऊन बसतं. खरं तर १८९३ साली तिथून कालवा काढल्यापासून ते जवळजवळ बेटच आहे, पण भाच्याला आधी जमीन कळायला हवी होती, म्हणून दोरा उसवून पुन्हा लावला. नॉर्वेचे फ्योर्ड, म्हणजे जमिनीत खोल घुसलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या, सोडून दिले. फक्त सोग्नेफ्योर्डला तांबड्या लोकरीचा साडेतीन सेंटिमीटरचा धागा आत नेला. हिमनद्यांनी कोरलेली ती दरी दोनशे किलोमीटरहून जास्त आत जाते, ती वगळणं बरोबर वाटलं नाही.

दुसरी उणीव पत्र्याची. तो मागून पोकळ आहे. भिंतीवर टांगून लांबून बघणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. बोटं रोज फिरणार असतील तर डोंगर पिचतात. तिसऱ्याच दिवशी पिरेनीज आत गेला. मग नकाशा उलटा करून प्रत्येक डोंगराच्या पोकळीत कागदाचा लगदा भरला आणि दोन दिवस वाळवला. हे काम पहिल्याच दिवशी करावं, पिचल्यानंतर पत्र्यावर पांढरी रेघ कायमची राहते.

अरुंद दऱ्याही गिळल्या गेल्यात. आमच्या इथली ऱ्हाईनची दरी पाचेक किलोमीटर रुंद, म्हणजे एक मिलिमीटरही नाही. पोराला मी स्वतःचं घर नकाशावर दाखवू शकले नाही. ब्रेल नाही, ते अपेक्षितही नव्हतं, कारण हा नकाशा अंधांसाठी म्हणून विकत नाहीत. पण नावांची छपाईही इतकी चकचकीत की दिव्याखाली मलाच वाचता येईना.

राहिले छोटे देश. ते छापलेत रंगाच्या ठिपक्यांनी, तेव्हा हाताला काहीच लागणार नव्हतं. आम्ही स्वयंपाकघरातले डबे काढले आणि मापात बसतील असे दाणे शोधले. अँडोराला अख्खा मूग, पिरेनीजच्या ऐन माथ्यावर. ४६८ चौरस किलोमीटरचा हा देश डोंगरात इतका खोल बसलाय की त्याची राजधानी युरोपातली सगळ्यात उंचावरची, हजार मीटरवर. सान मारिनो ६१ चौरस किलोमीटरचं, त्याला एक मोहरी. तीही तिथल्या मोंते तितानो डोंगरावर नेमकी बसावी म्हणून चिमट्याने ठेवली. माल्टाला तांदळाची कणी, सिसिलीच्या दक्षिणेला दीड सेंटिमीटरवर. लिश्टेनस्टाईन २५ किलोमीटर लांब आणि बारा रुंद, म्हणून त्यालाही कणीच, उत्तर-दक्षिण उभी. मोनॅको दोन चौरस किलोमीटरचं. त्याला खसखशीचा दाणा लावला, आणि तोही देशापेक्षा मोठा आहे हे भाच्याला सांगून ठेवलं. व्हॅटिकन अर्धा चौरस किलोमीटरही नाही. त्याच्या मापाचं घरात काहीच सापडेना, तेव्हा रोमवर टिकली लावली आणि व्हॅटिकन तिच्या पोटात आहे असं ठरवलं.

मापाची जाण या दाण्यांनी दिली तशी कुठल्याच आकड्याने दिली नसती. मुगावरून कणीवर, कणीवरून मोहरीवर बोट नेत तो किती वेळा फिरला असेल.

मग एके दिवशी त्याला सेव्हेलेनला नेलं. तिथून लिश्टेनस्टाईनच्या राजधानीला, फाडूत्सला, जाणारा ऱ्हाईनवरचा जुना लाकडी पूल आहे, १९०१ सालचा, १३५ मीटर लांबीचा, वर छप्पर असलेला. स्वित्झर्लंड आणि लिश्टेनस्टाईनची सीमा पुलाच्या मधोमध आहे. फळ्यांवर पावलं वाजत होती आणि खाली नदी मोठ्याने चालली होती. तो मध्ये थांबला, कठड्याला धरून उभा राहिला आणि विचारलं, "नदी कुणीकडे चाललीय?" उत्तरेला, म्हटलं, कॉन्स्टान्स सरोवराकडे. "म्हणजे कणी उजव्या हाताला," तो म्हणाला आणि पुढचा पूल काठी न टेकता चालला. परत आल्यावर कणीला लागून ऱ्हाईनचा दोरा लावून दे म्हणाला. तेव्हा ऱ्हाईन लावली, मग डॅन्यूब लावली. व्होल्गा लावायला दोरा पुरला नाही.

घेणाऱ्यांनी एवढं बघावं: घर डोळसांचं असेल आणि भिंतीवर लावायचा असेल, तर दिव्यासमोर लावू नका, बाकी नकाशा उत्तम आहे. हातांसाठी घेत असाल तर लगदा, दोरा आणि आठवडाभराच्या संध्याकाळी हाताशी ठेवूनच घ्या. याची गुंडाळी होत नाही, गुंडाळला तर आल्प्स मोडतो. आम्ही दोन प्लायवूडच्या फळ्यांमध्ये बांधून विमानाने पाठवला.

तो नकाशा आता सांगलीला आहे. माझ्यासाठी दुसरा मागवलाय, या वेळी दोरा लावायला भाचा फोनवरून सांगणार आहे. परवा त्याचा फोन आला होता, मोनॅकोची खसखस पडली म्हणून. दुसरी लाव म्हटलं. लावलीसुद्धा, म्हणाला. आल्प्स जिथे समुद्राला टेकतो तिथे अंगठा ठेवला आणि बोटभर पुढे चिकटवली.

बोटभर म्हणजे फारच पुढे, जिनोव्हाच्या अंगाला गेली असणार. त्याला म्हटलं, तिथून काढ आणि नीसला अगदी चिकटून लाव.