जुळ्यांची ताटातूट: योरुबा की डोगॉन?

ताटातूट झालेल्या जुळ्यांची फँटसी लिहायची तर नायजेरियातले योरुबा घ्यावेत की मालीतले डोगॉन? योरुबांकडे आधी जन्मतो तो तायवो, पण मोठेपणाचा मान मागून येणाऱ्या केहिंदेचा, कारण म्हणे त्यानेच तायवोला पुढे पाठवलं, जा बघून ये जग कसंय! जुळ्यातलं एक गेलं की लाकडाची इबेजी बाहुली कोरून घेतात, तिला आंघोळ, खाऊ, कपडे सगळं, आणि धुऊन-पुसून तिचे नाक-डोळे झिजून पार गुळगुळीत होतात. डोगॉनांच्या सृष्टीकथेतला ओगो म्हणजे उतावळा नवरा, वेळेआधीच सृष्टीच्या अंड्यातून बाहेर पडला, जुळी बहीण शोधत फिरला, मिळाली नाही, शेवटी कोल्हा झाला. तिकडे भविष्य सांगणारे वाळूत कोल्ह्याच्या पावलांचे ठसे वाचतात, प्लॉटला हे भारीच. तरी मला ती झिजलेली बाहुलीच हवी, कोल्हा सिक्वेलला ठेवू.