अनोळखी उजेड आणि स्टेलेरियम
बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या गावी जेवणानंतर अंगणात बसलेल्या घरातल्या सर्वांना वायव्येकडून वर चढणारा, न लुकलुकणारा नारिंगी उजेड दिसला आणि माथ्यावर येण्याआधीच तो विझला. त्याचा छडा लावण्यासाठी स्टेलेरियम ही पडद्यावर आकाश दाखवणारी मोफत, मुक्तस्रोत संगणक प्रणाली आम्ही वापरून पाहिली. तिची खरी ताकद काळ मागे नेण्यात आहे. ठिकाण म्हणून बेळगाव निवडून, त्या रात्रीची वेळ घालून दृश्य वायव्येकडे वळवले की तारे आणि ग्रह तर दिसतातच, पण उपग्रहांची सोय सुरू केल्यास तेही ठिपक्यांसारखे पडद्यावरून सरकू लागतात. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरताच भर आकाशात दिसेनासे होते, हे आईला येथेच पटले आणि काकांच्या भुताखेतांच्या गोष्टी तेवढ्यापुरत्या थांबल्या.

मात्र उपग्रहांच्या कक्षांची माहिती जुनी असली तर वेळा चुकतात, म्हणून ती इंटरनेटवरून ताजी करून घ्यावी लागते. शिवाय बेळगावच्या सांबरा विमानतळाकडे उतरणारी विमाने, ड्रोन किंवा हवेत सोडलेले कागदी दिवे यांचा पत्ता ही प्रणाली देत नाही. आमच्या उजेडाच्या वाटेवर त्या वेळी एकही ठळक उपग्रह सापडला नाही, त्यामुळे काका पुन्हा जोरात आहेत. लॅपटॉप अंगणात नेणार असाल, तर पडदा तांबडा करणारी रात्रीची सोय आधीच सुरू करावी, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत.